श्रावण कंडक्टरचा निकाल

मुरुमगट्ट्याले गाडी थांबली का लोक अजूनही मलेच पकडतात. काय जी डायवरभाऊ, निकाल काय? मी म्हणतो, बापा, मी डायवर आहो, मले रस्ता विचारा. निकाल सांगणारा श्रावण होता अन् त्याची बदली झाली. तेव्हा ते माझ्याकडं असे पाह्यतात, जशी का बदली मीच केली. मंग मलेही राग येते. कारण खरं सांगू का, त्याची आठवण मलेही तेवढीच येते, पण मले कोण विचारते?

निकाल म्हणजे पिक्चरचा निकाल. आमची गाडी मुक्कामी. एक रात चंद्रपूरले, दुसरी मुरुमगट्ट्याले. आलापल्लीपर्यंत डांबर, त्याच्यापुढं मुरूम, अन् शेवटी तोही नाई, सागवानातून बैलबंडीच्या चाकोरीवर चाक ठेवायचं अन् देवाचं नाव घ्यायचं. पावसाळ्यात नाले भरले का गाडी आलापल्लीलेच थांबे. दिवाळी झाली का पुन्हा मुरुमगट्टा. चंद्रपूरले पोचलो का श्रावण तिकिटाची पेटी डेपोत जमा करे, तोंडावर पाणी मारे अन् मले ओढत संध्याकाळच्या खेळाले घेऊन जाये. मी आपला त्याच्यासंगं. मले पिक्चरमधे मारामारी आवडते. गाणं लागलं का मी बिडी प्यायले बाहेर. त्याचं तसं नोहोतं. त्याले सारंच आवडे, अगदी खेळाआधीची दंतमंजनाची जाहिरातसुद्धा.

श्रावण रामटेके सावलीकडचा. बाप दुसऱ्याच्या बांधीत धान रोवून रोवून वाकला, पण लेकाले त्यानं मॅट्रिक केलं. नोकरी लागली त्या दिवशी बापानं घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोपुढं त्याचा खाकी शर्ट ठेवला होता, हे श्रावण मले दर दोन महिन्यांनी सांगे. मी दर वेळी नवीन आयकल्यासारखं करो. बायको मीराबाई सावलीलेच राहे, अन् हा जंगलात. उंच, किडकिडीत, कॉलर नेहमी धुतलेली. बोलताना तिकिटाचा पंच हातात कटकट वाजवायची खोड. डोकं उठे, पण आता गाडीत तो आवाज नाई तर गाडी रिकामी वाटते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुरुमगट्ट्याले पोचलो का गोटुलासमोर, गावच्या सामाईक घरापुढं, मोहाच्या झाडाखाली माणसं जमत. पावण्यांनी झोपायचं ते गोटुलातच, तिथीच आमचं अंथरूण. श्रावण टोपी काढून मांडीवर ठेवे अन् अर्ध्या मराठीत, अर्ध्या गोंडीत, बाकी हातवारे करून निकाल देये. निकाल छोटा. पूर्ण गोठ सांगायची नाई. तो म्हणे, पिक्चर अडीच तास खोटं बोलते, मी दोन वाक्यात खरं बोलतो.

डाकूचा पिक्चर होता. निकाल: घोडे चांगले, माणसं बेकार. एक जुळ्या भावायचा होता. निकाल: एका तिकिटात दोन हिरो, पण पुरा एकही नाई. सासूसुनेचा मराठी होता, त्याचा निकाल बाया अजून म्हणतात: बायांनो रडा, माणसांनो झोपा. भुताच्या पिक्चरले भुतापेक्षा तिकिटाच्या रांगेची भीती जास्त वाटली म्हणे. त्या वर्षी नाचाचं खूळ आलं होतं, त्यातला हिरो कपड्याले दिवे लावून नाचे. त्याच्यावर निकाल असा का आपल्या गावाले वीज नाई अन् लेकाच्यानं पँटीले लावून ठेवली. गाव पोट धरून हसे. त्या गावात एकानंही थेटर पाह्यलं नोहोतं, पण कोणता पिक्चर बेकार ते साऱ्यायले मालूम होतं.

त्या हसणाऱ्यात इसरू होता. सोमारीबाईचा एकुलता एक. नवरा मागंच वारला होता, मायलेकच घरात. आमचं जेवण तिच्याकडंच असे, भात अन् अंबाडीची भाजी, कधी नाल्यातली मासोळी. इसरू विशीतला गडी, खांदे असे का सागाचा लठ्ठा एकटा फिरवे. निकाल झाला का तो श्रावणच्या जवळ सरके अन् विचारे, पडद्यावरचा माणूस आपल्याकडं पाह्यते का भाऊ? श्रावण म्हणे, बसल्यावर तुले वाटन का तुझ्याकडंच पाह्यते.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याचं काम आटोपल्यावर, इसरू सकाळी आमच्या गाडीत येऊन बसला. नवा गमछा, तेल लावलेले केस. सोमारीबाई गाडीपर्यंत आली. त्यानं खिडकीतून सांगतलं, पिक्चर पाहून येतो. श्रावणनं तिकीट फाडलं, पंच वाजवला, दोन घंट्या देल्या अन् मी गाडी सोडली. तिघंही खुशीत होतो.

संध्याकाळी तिघं थेटरात गेलो. इसरूनं अडीच तास पापणी लवू देली नाई. मी गाण्याले बाहेर जाऊ लागलो तर त्यानं माझा हात धरून बसवलं. खेळ सुटला तेव्हा दारात एवढी गर्दी का पाय जमिनीले लागेना. इसरू माझ्या मागंच होता, त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. बाहेर आलो, वळून पाह्यलं, तर हात नाई अन् इसरूही नाई.

आमी थांबलो. सारा बाजार पाह्यला, स्टँड पाह्यलं, सकाळी पोलिसांत सांगतलं. कोणी म्हणे कोळसा खाणीकडं गेला, कोणी म्हणे बल्लारशाले रेल्वेत बसताना दिसला. मोठा माणूस होता, पाळण्यातलं लेकरू नोहोतं, अन् मनानंच गेला असन, असं मी श्रावणले बहुतदा सांगतलं. त्याच्या कानावरून गेलं. त्याचं एकच: मीच पिक्चर सांगे म्हणून तो गेला.

त्याच्यानंतर आमी मुरुमगट्ट्याले पोचलो ती संध्याकाळ मले नको वाटते आठवायले. सोमारीबाईनं गाडीत वाकून शेवटच्या सीटापर्यंत पाह्यलं. श्रावणनं मान खाली घालून सारं सांगतलं. ती घरात गेली. चुलीवर भात ठेवला, तीन पत्रावळी मांडल्या, मंग एक उचलून घेतली. आमी दोघं जेवलो नाई तर रागावली.

दिवस गेले. लोक पुन्हा निकाल विचारायले लागले. श्रावण टाळे. मंग एका संध्याकाळी खुद्द सोमारीबाईनंच सांगतलं का सांग, कुठं काय चालू आहे ते आयकू दे. त्या आठवड्यात आमी एक पिक्चर पाह्यला होता. खेड्यातला पोरगा शहरात जाते, वाईट माणसायच्या नादी लागते अन् शेवटी रस्त्यावर मरते. माय गावात दिवा लावून बसलेली. श्रावण सुरुवात करून बसला अन् मधातच अडकला. सोमारीबाई समोरच.

तिनं विचारलं, "येते का तो घरी, शेवटी?"

श्रावणनं पंच वाजवला नाई. तिच्याकडं पाह्यलं अन् म्हणाला, "येते बाई. शेवटी घरी येते."

माझ्या हातातली बिडी तशीच राह्यली. गोटुलात गेल्यावर मी त्याले धरलं. म्हणलं, अबे, तो पोरगा रस्त्यावर मेला, माझ्या डोळ्यांनी पाह्यलं, खोटं काऊन सांगतलं? तो भिंतीकडं तोंड करून झोपला.

तिथून पुढं श्रावणच्या दर पिक्चरमधे एक पोरगा हरवे अन् शेवटी घरी येये. कुटुंबाचा पिक्चर असो का मारामारीचा. डाकूच्या पिक्चरमधे पोरगा आला. भुताच्या पिक्चरमधे आला. एका पिक्चरमधे तर सारी गोठ हत्तीची होती, त्यातही माहूताचा लेक परत आला. मी म्हणलो, हत्तीच्या पिक्चरमधे पोरगा कुठून आणला बे? तो म्हणे, हत्तीवर बसून आला. मले हसू आलं अन् संतापही आला. पण सोमारीबाई निकाल आयकून उठे तेव्हा तिची चाल बदललेली राहे, हेही खोटं नाई. त्या दिवशी भात जास्त वाढे. गाव आता पोट धरून हसत नोहोतं, पण आयकायले येयेच.

असे दोन उन्हाळे गेले. इसरूचा पत्ता नाई, कोणाजवळ निरोप नाई.

गावात मंगरू गायता म्हणून म्हातारा होता, गावच्या देवाधर्माचं पाह्यणारा. त्यायच्यात माणूस गेला का त्याच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. दगड झाला का घरचे पूर्वज त्याले आपल्यात घेतात. नाई झाला तर जीव ना इथचा ना तिथचा, झाडाझाडानं फिरत राह्यते. मंगरूचं म्हणणं का इसरू आता नाई, त्याले ताटकळत ठेवणं पाप आहे. मायनं हो म्हणल्याशिवाय दगड उचलता येत नाई, अन् माय हो म्हणत नोहोती. मंगरूनं कितीकदा विचारलं. दर वेळी ती एवढंच म्हणे, "तो पिक्चर पाहून येतो म्हणला होता. पिक्चर सुटला नसन अजून."

ती वेडी नोहोती, लक्षात ठेवा. पिक्चर किती वेळाचा असते ते श्रावणनं तिले दहादा सांगतलं होतं. ते तिचं उत्तर होतं, दार लावून घेतल्यासारखं.

मंगरू एकदा मले गाडीमागं घेऊन गेला. म्हणाला, डायवरभाऊ, तुमच्या कंडक्टरले सांगा, बस झालं. तो दर खेपेले पोरगा आणते अन् बाई दर खेपेले थांबते. मेलेल्याचीही वाट अडली अन् जित्याचीही. म्हाताऱ्याचा आवाज चढला नाई, हात जोडले त्यानं. मले लाज वाटली.

मी श्रावणवर रस्ताभर भडकलो. एवढा का आलापल्लीच्या घाटात गिअर पाडताना आवाज निघाला अन् पॅसेंजर माझ्याकडं पाह्यत राह्यले. म्हणलं, तुले चांगला माणूस व्हायचं आहे, पण तिच्या जिवावर काऊन? श्रावणनं सारे पॅसेंजर उतरू देले. मंग केबिनजवळ येऊन म्हणाला का मले सांगता येत नाई भाऊ, तोंडापर्यंत येते अन् तिचा चेहरा पाह्यला का वापस जाते. त्याचे डोळे भरले होते.

पण आमच्या दोघायपेक्षा ती हुशार निघाली. शहाऐंशीच्या होळीनंतर एका सकाळी सोमारीबाई गाडीत येऊन बसली. धुतलेलं लुगडं, कमरेले चंची, हातात मोहफुलाची पुडी वाटेत खायले. श्रावणनं विचारलं, कुठी जाता बाई? ती म्हणाली, मले ते थेटर दाखव.

त्या दिवशी श्रावणनं तिकिटं चुकवली, एका माणसाले दोनदा फाडून देली. मले कळे का त्याले कायची धास्ती आहे. त्या आठवड्यात नवा पिक्चर लागला होता, आमी पाह्यला नोहोता. स्टँडवर पोस्टर दिसलं, त्याच्यावर नेमकी दारात उभी माय अन् पाठमोरा जाणारा पोरगा. श्रावण म्हणाला, भाऊ, आज बाईले शेवट दिसन अन् माझं सारं खोटं उघडं पडन. म्हणलं, पडू दे एकदाचं.

आमी तिले मधात घेऊन बाकावर बसलो. दिवे गेले, पडदा उजळला. अन् सोमारीबाई उठली, बाकावर उलटी फिरली अन् पडद्याकडं पाठ करून बसली.

मागचे लोक ओरडले, ओ बाई, पडदा तिकडं आहे. कोणी हसलं. श्रावण उभा झाला अन् म्हणाला, बसू द्या तिले. त्याच्या आवाजात असं काही होतं का लोक गप्प झाले. पडद्याचा उजेड साऱ्यायच्या तोंडावर पडत होता, अन् ती बाई एकेक तोंड पाह्यत होती. पहिली रांग, दुसरी रांग, बाल्कनीत मान वर करून. पडदा काळा झाला का थांबे, उजेड आला का पुन्हा तिथूनच पुढं. तेव्हा मले समजलं का ती पिक्चर पाह्यायले आलीच नोहोती. तिचा पोरगा ज्या जागी शेवटचा दिसला ती जागा पाह्यायले आली होती.

श्रावणनं पिक्चर पाह्यला नाई. तो अडीच तास तिच्याकडं पाह्यत होता. मी मात्र पाह्यला. दुसरीकडं कुठी पाह्यवत नोहोतं म्हणून पडद्याकडं पाह्यत राह्यलो. गाण्यालेही उठलो नाई.

खेळ सुटला. ती सगळ्यायच्या आधी दारात जाऊन उभी राह्यली. माणसं धक्के मारत निघत होती अन् ही खांबाले धरून प्रत्येकाच्या तोंडाकडं पाह्ये. गर्दी ओसरली. मंग दोनदोन माणसं आली, मंग एक लंगडा म्हातारा आला, अन् मंग झाडूवाला. तो म्हणाला, बाई, आत कोणी नाई. तिनं आत जाऊन पाह्यलं. सारी बाकं रिकामी. मी माणूस म्हणून कठोर आहो असं घरचे म्हणतात, पण त्या वेळी मी तोंड फिरवून रडलो.

ती बाहेर आली, पदर सावरला. श्रावणले म्हणाली, "चल. सुटला पिक्चर."

गावी परतल्यावर तिनं मंगरूले हो म्हणलं, अन् पुढच्या खेपेले आमचा मुक्काम होता त्या संध्याकाळी दगड उभा झाला. दगड मोठा होता, गावच्या माणसायनं खांद्यावर आणला. शेवटी खड्ड्यात सरळ करताना मंगरूनं श्रावणले अन् मले हाक मारली. आमच्यात असं नाई, पण आमी हात लावला. इसरूचा जुना गमछा वर बांधला होता. सोमारीबाईनं दगडावरून हात फिरवला, जसा लेकराच्या पाठीवरून फिरवतात, अन् घरी गेली.

अंधार पडल्यावर मोहाखाली सारे बसले होते. निकाल विचारायची कोणाची हिंमत नोहोती. सोमारीबाईनंच विचारलं का त्या दिवशीच्या पिक्चरचा निकाल राह्यला, सांग. श्रावण म्हणाला, बाई, मी शेवट पाह्यला नाई. आता मी खोटं सांगणार नाई.

ती माझ्याकडं वळली. "डायवरभाऊ, तू पाह्यला. तू खोटं बोलत नाई. आला का तो पोरगा?"

आता आयका. त्या पिक्चरमधला पोरगा आला होता. खरंच आला होता. शेवटच्या रिळात पावसात भिजत आला, मायनं दार उघडलं, अन् सारं थेटर रडलं होतं. हजार पिक्चरमधे श्रावणनं पदरचा पोरगा आणला, अन् ज्या दिवशी तो पडद्यावर खरा आला त्या दिवशी दोघांचीही पाठ होती. पाह्यला तो मी एकट्यानं. मंगरू म्हातारा माझ्याकडं पाह्यत होता. दगडाची माती अजून ओली होती.

मी म्हणालो, "नाई बाई. नाई आला."

तिनं मान हलवली. मंग श्रावणच्या गुडघ्यावर हात ठेवला अन् म्हणाली, "हा लबाड दर खेपेले आणत होता त्याले. मले मालूम होतं. रात्रभर घरात राहे मंग तो." अन् उठून चुलीकडं गेली.

श्रावण तिथीच बसून हमसून हमसून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण पडद्यावरचा पोरगा आला होता ते त्याले सांगतलं नाई.

चंद्रपूरले पोचल्यावर तो म्हणाला, तू झोप, मी जाऊन येतो. एकटाच गेला. मी समजलो का कोणत्या पिक्चरले. परत आला तेव्हा मी जागाच होतो, डोळे मिटून पडलो. तो माझ्या पायाशी बहुत वेळ बसून राह्यला. मंग माझ्या अंगावरची चादर नीट केली अन् झोपला.

सकाळी गाडी भरली. त्यानं दार लावलं, माझ्याकडं आरशात पाह्यलं अन् दोन घंट्या देल्या. त्या शेवटाबद्दल त्यानं मले कधीच विचारलं नाई. दोन वर्षांनी बदली होऊन गेला तेव्हाही नाई.